सध्याचा रकाना

पत्र दोन ओळींचं होतं आणि त्यात नमस्कार नव्हता. आत्याला पहिल्यांदा खुपलं ते हेच. ‘तुमच्या वेबसाइटवर माझा फोटो आणि माझी माहिती माझ्या परवानगीशिवाय टाकली आहे. ती ताबडतोब काढून टाका.’ खाली नाव, तेही माहेरचं, आणि फोटोखाली छापलेला पाकिटाचा क्रमांक. संपलं. गेल्या दीड वर्षात आत्याला दोनशेच्या वर पत्रं आली होती आणि एकूण एक पत्रात कौतुक होतं. कुणी लिहिलं होतं, आईला तरुण असं मी कधी पाहिलंच नव्हतं, तुमच्यामुळे पाहिलं. कुणी लिहिलं होतं, भाऊ गेला तेव्हा घरात त्याचा एक धड फोटो नव्हता. एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या नोकरीच्या अर्जावरचा फोटो पाहून ‘त्या दिवशी मी किती घाबरलो होतो हे तुम्ही दोघांनी कुणाला कळू दिलं नाहीत’ असं लिहिलं होतं, आणि ते पत्र आत्याने छापून घेऊन दादाच्या, म्हणजे तिच्या गेलेल्या भावाच्या, तसबिरीमागे खोचून ठेवलं होतं. अंघोळ झाली की संगणक उघडायचा, आधी कौतुक, मग चहा, अशी सवयच तिला लागली होती. आणि आज हे. तोंडात मारल्यासारखं झालं. नमस्कार कुठे खाली वगैरे आहे का म्हणून तिने पत्र पुन्हा पाहिलं. ‘शिकलेली दिसते, पण रीतभात नाही,’ असं ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली आणि क्रमांक टाकून तिने फोटो उघडला. उघडला आणि तिला हसूच आलं. ही तर भुवईवाली.

दादा फोटो काढायचा आणि आत्या टचिंग करायची, म्हणजे चेहरे दुरुस्त करायची, अशी त्या स्टुडिओची अडतीस वर्षांची विभागणी होती. पुढच्या खोलीत दिवे, स्टूल, पडदा आणि दादाचा आवाज: ‘हनुवटी खाली, डोळे माझ्याकडे, मनात काहीतरी चांगलं आणा.’ मागच्या खोलीत खिडकीशी तिरक्या काचेचं टेबल, काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, आणि त्यावर नाक टेकवून बसलेली आत्या. टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर बारीक बारीक ठिपके दिले की फोटोत तेवढी जागा उजळ होते. उलट काही काळं करायचं असेल तर पात्याने निगेटिव्ह खरवडायचं. पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत भरत नाही. लोकांच्या तोंडावरच्या पुटकुळ्या, देवीचे व्रण, रात्रभर न झोपल्याची वर्तुळं, आदल्या दिवशी रडल्याची सूज, असं सगळं तिने इतकी वर्षं नाहीसं केलं होतं. कुणाशी ओळख नसताना तिला त्यांच्या कातडीची ओळख असायची. स्वतःचं लग्न, संसार वगैरे राहूनच गेलं, पण त्याचं तिला फारसं वाटलं नाही. एवढ्या चेहऱ्यांच्या इतक्या जवळ कोण जातं, असं ती म्हणायची, आणि खोटं म्हणायची असंही नाही.

भुवईवाली एकोणीस-वीस वर्षांची होती. नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा म्हणून एकटीच आली होती. तिच्या डाव्या भुवईत मधोमध एक फट होती, लहानपणी कधी खोक पडलेली असणार, तिथे केस उगवले नव्हते. आत्याने दुपारभर बसून ती फट खरवडली, एकेक केस काढला, इतका हुबेहूब की दादाने भिंग लावून पाहिलं आणि ‘वा, बाईसाहेब’ म्हणाला. फोटो न्यायला आली तेव्हा पोरीने पाकीट उघडून पाहिलं आणि ती पाहतच राहिली. ‘ही मी नाही,’ म्हणाली. ‘माझी भुवई कुठे गेली?’ दादा हसला. ‘अहो, गेली कुठे, आली! इतकी वर्षं अर्धी होती.’ ती हसली नाही. ‘मला विचारायचं तरी,’ एवढंच म्हणाली, आणि फोटो घेऊन गेली, कारण अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यानंतर स्टुडिओत तो एक विनोदच झाला. आत्या पेन्सिल घेऊन बसली की दादा पुढून ओरडायचा, ‘भुवई विचारून काढ गं!’

दादा गेला आणि स्टुडिओची जागा मालकाने परत घेतली तेव्हा चार लोखंडी कपाटं भरून पाकिटं आत्याच्या दोन खोल्यांमध्ये आली. प्रत्येक पाकिटात निगेटिव्ह, आणि पाकिटावर दादाच्या ठसठशीत अक्षरात नाव, वडिलांचं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो कशासाठी आणि फोटो कोण घेऊन गेलं. इतकं कुठलाही स्टुडिओ लिहीत नसे. दादाला त्याचा अभिमान होता. दादाच्या मुलीने, म्हणजे आत्याच्या भाचीने, हे सगळं वेबसाइटवर टाकायची युक्ती काढली. ती विम्याच्या कचेरीत दाव्यांचे कागद तपासते, तिला संगणकाचं सगळं येतं. ‘फोटो टाकू, बाबांचं नाव राहील,’ ती म्हणाली होती. फोटो, ती म्हणाली होती. पाकिटावरचं सगळं जसंच्या तसं खाली टाकायचं हे आत्याचं. दादाने लिहिलं ते गाळणारी मी कोण, असं तिचं म्हणणं पडलं आणि भाचीने बापाच्या आठवणीने फार ताणलं नाही. त्याच्याही पुढे जाऊन आत्याने दर फोटोखाली एक गमतीची ओळ लिहायला घेतली. मग एक नवा रकाना काढला. त्याला नाव दिलं ‘सध्या’. हा माणूस सध्या कुठे असतो, काय करतो. त्यासाठी ती दुपार दुपार फोनवर असायची. याच्या मेव्हण्याला विचार, तिच्या वर्गमैत्रिणीला विचार, कुणाच्या शेजारणीचा नंबर मिळव. पाहणाऱ्यांनाही तोच रकाना सगळ्यात आवडायचा. आत्याचा चौकसपणा घरात पहिल्यापासून चेष्टेचा विषय होता. म्हातारपणी त्याला असं मानाचं काम मिळेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

तर भुवईवालीचा फोटो, खाली तिचं नाव, जन्मतारीख, माहेरचा पत्ता, मग भुवईचा किस्सा रंगवून सांगितलेला, अगदी डाव्या भुवईतली फट वगैरे, आणि सध्याच्या रकान्यात: ‘एका शाळेत ग्रंथपाल,’ पुढे गावाचं नाव. हे एका वर्गमैत्रिणीकडून कळलं होतं. आत्याने सगळं एकदा वाचून पाहिलं. कुणाला राग यावा असं त्यात तिला काही दिसेना. किती प्रेमाने लिहिलंय, असंच तिला वाटलं. मग तिने उत्तर लिहिलं, आणि लिहिताना तिला दादा खांद्यामागे उभा असल्यासारखं वाटत होतं. आमच्या स्टुडिओचा नियम होता, पावतीशिवाय कुणालाही काही दिलं किंवा नष्ट केलं जात नसे. आपण त्याच बाई आहात कशावरून? आपली त्या वेळची पावती असल्यास तिची प्रत, नसल्यास फोटो असलेलं ओळखपत्र पाठवावं, म्हणजे विचार करू. वर नमस्कार घातला, खाली ‘आपली नम्र’ घातलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘अठ्ठावीस वर्षांपूर्वीची पावती माझ्याकडे नाही. ओळखपत्र मी कुणालाही पाठवत नाही. हा माझ्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कृपया समजून घ्या.’ सुरक्षिततेचा प्रश्न! आजकाल कुणाचं काहीही झालं की तो सुरक्षिततेचा प्रश्न असतो, आत्याला वाटलं. तिने पुन्हा नियम कळवला. मग आठवडाभर काही आलं नाही, आणि आली ती ब्याद टळली असं म्हणून तिने ते सोडून दिलं. शुक्रवारी त्याच नावाचं आणखी एक पत्र आलं. ते तिने उघडलं नाही. राग वगैरे नव्हता. थोडं थांबू दे, असं होतं.

भाची एक रविवार सोडून एक रविवारी यायची, संगणकाची झाडलोट करायची आणि आत्याच्या चुका सुधारायची. त्या रविवारी तिने पत्रं चाळता चाळता एकदम हात थांबवला. आत्या गॅसपाशी उभी होती. पाठ वळलेली असतानाही तिला कळलं की मागे काहीतरी बिघडलंय.

‘आत्या, हे काय आहे?’

‘काय?’

‘ही बाई तुला काढ म्हणतेय, दहा दिवस झाले. तू पावती मागितलीस?’

‘नियम आहे आपला.’

‘कुठला नियम? कुणाचा? बाबा गेले, स्टुडिओ गेला, नियम कसला राहतोय?’ ती बोलता बोलता न उघडलेलं पत्र उघडत होती. मग तिने ते वाचून दाखवलं, दाव्याचे कागद वाचतात तशा सपाट आवाजात. ‘मी अकरा वर्षांपूर्वी मुलीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाले. आडनाव बदललं, गाव बदललं. तो कसा आहे हे लिहीत नाही, कोर्टात लिहून दिलेलं आहे. काल तो माझ्या शाळेच्या फाटकाशी आला होता. शिपायाला फोनवर माझा फोटो दाखवून विचारत होता. तो तुमचाच फोटो होता, पण तुमच्या वेबसाइटवर आहे त्याहून खूप मोठा आणि स्वच्छ. भुवई भरलेली. शिपायाने ओळखलं नाही, की ओळखूनही नाही म्हणाला, देव जाणे. आता तरी काढा.’

भाचीने लगेच पान काढून टाकलं. त्याला एक मिनिटही लागलं नाही. दहा दिवस आणि एक मिनिट, हा हिशेब तिने बोलून दाखवला नाही, आत्यानेच केला. पण तेवढ्याने भागलं नव्हतं. भाचीने सर्चमध्ये नाव टाकून पाहिलं तर फोटो अजून बारीक चौकोनात दिसतच होता, खाली गावाचं नाव, खाली ग्रंथपाल. तिथे अर्ज भरला. मग कळलं, जुने चेहरे गोळा करणाऱ्या दुसऱ्या कुठल्याशा वेबसाइटने आत्याची पानंच्या पानं उचलून आपल्याकडे लावली होती, किश्शासकट. त्यांचा अर्ज उघडला. त्यात पहिलाच प्रश्न होता: फोटोतील व्यक्ती आपणच आहात का? नसल्यास अर्जाचा विचार होणार नाही. असल्यास ओळखपत्र जोडा. भाचीने मान वळवून आत्याकडे पाहिलं. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण ती फक्त म्हणाली, ‘बघ.’ आणि पुन्हा टाइप करायला लागली, बापाच्या स्टुडिओचे हक्क, परवानगीशिवाय नक्कल, कायद्याचं कलम, असं काय काय.

‘एक कळत नाही मला,’ ती मधेच म्हणाली. ‘वेबसाइटवर मी सगळे फोटो बारीक करून टाकलेत. मोठा त्याला मिळाला कुठून?’

आत्या भांडं विसळत होती. भांडं स्वच्छ होतं. ‘हल्ली काय, करतात काहीतरी मोठे,’ ती म्हणाली.

‘तसे केले तर फुटतात. ती म्हणतेय स्वच्छ.’

‘मग मला काय ठाऊक?’

हे वाक्य तोंडातून निघालं आणि आत्याला आपला आवाज ओळखू आला नाही. भाची संध्याकाळपर्यंत बसली, जाताना तिने आत्याच्या पाठीवर हात ठेवला, ‘जाऊ दे, तुला काय माहीत होतं,’ म्हणाली, आणि त्या हाताखाली आत्याचं अंग आकसलं. माहीत होतं. ‘त्याहून खूप मोठा’ या शब्दांशीच तिला कळलं होतं.

सोमवारी सकाळी तिने चहा केला नाही. संगणक उघडून ती मागे मागे गेली, तीन आठवड्यांपूर्वीच्या पत्रापर्यंत. ते पत्र तिने तेव्हा दोनदा वाचलं होतं, शेजारच्या बाईंनाही वाचून दाखवलं होतं. त्यात नमस्कार होता. सादर नमस्कार होता. आपण त्या मुलीचे मावसभाऊ, परदेशी असतो, मावशी अंथरुणाला खिळली आहे आणि लेकीचा तो फोटो एकदा मोठा करून उशाशी ठेवावा अशी तिची इच्छा आहे. मग दादाबद्दल आठ-दहा ओळी होत्या. डोळ्यांत उजेड आणणारा असा हात पुन्हा होणे नाही. आणि टचिंग कुणाचं हो, भुवईचं काम तर थक्क करणारं आहे. दादाचं कौतुक सगळे करायचे. टचिंग कुणाचं, हे अडतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आत्याने त्याच दुपारी निगेटिव्ह काढून पुन्हा स्कॅन केलं, जेवढं मोठं करता येईल तेवढं, काचेवरची धूळ कापसाने टिपून. शेवटी त्याने सहज विचारलं होतं, कोणत्या शाळेत आहे ती, मावशीच्या हातचं पत्र पाठवतो. आत्याला शाळेचं नाव माहीत नव्हतं. मग तिने वर्गमैत्रिणीला फोन केला. वर्गमैत्रीण जरा घुटमळली होती. ‘तिने कुणाला सांगू नको म्हटलंय हो,’ असं म्हणाली होती. ‘अगं, घरचंच माणूस आहे,’ असं आत्या म्हणाली होती, आणि अर्धा तास गोड बोलून तिने नाव काढून घेतलं होतं. लोकांकडून काढून घेण्याची हातोटी तिला होतीच. नाव आणि फोटो एकाच पत्रात पाठवले. पावती मागितली नाही. पावतीची आठवणसुद्धा झाली नाही.

आणि आता आठवत होतं ते भलतंच. स्टुडिओच्या दाराशी काचेची पेटी होती, तीत दादा आपले चांगले उतरलेले फोटो लावायचा. एकदा एक नीटनेटका तरुण आला, केस चापून बसवलेले, बोलणं मधाळ. पेटीतल्या एका मुलीचा फोटो मागू लागला, नात्यातलीच आहे म्हणाला. दादाने हात पुढे केला. ‘पावती?’ तरुण हसला, घोळवत राहिला, मग चिडला, मग गेला. तो वळणापलीकडे गेल्याबरोबर दादाने पेटी उघडून तो फोटो काढून टाकला. त्या मुलीला काही विचारायलाही थांबला नाही. आणि कुणी बाई, कुणाचा बाप, ‘आमचा फोटो पेटीतून काढा’ म्हणून आले की दादा हातातलं काम टाकून उठायचा. त्यांना त्याने पावती कधीही विचारली नाही. आत्या हे मागच्या खोलीतून अडतीस वर्षं ऐकत होती. पावती मागायची ती फोटो हातात देताना. ज्याचं तोंड आहे त्याने ते परत मागितलं तर मागायची नसते. इतका साधा नियम, पाठ केलेला, दादाच्या नावाने लोकांना ठणकावून सांगितलेला, आणि तिने तो उलटा पाळला होता. जो गोड बोलला त्याच्यासाठी दार उघडं, जी घाबरली होती तिच्यासाठी कडी. नमस्कार नव्हता म्हणून. अकरा वर्षं लपून राहिलेल्या बाईला आपलं नाव सर्चमध्ये दिसल्यावर नमस्कार सुचला नाही, म्हणून.

तिला वाटलं, सांगूच नये. पान तर निघालं आहे. भाचीला कळलेलं नाही, कळायचं कारण नाही. मावसभावाचं पत्र पुसून टाकलं की झालं, पुसायला कितीसा वेळ लागतो, हे तर काल पाहिलंच होतं. हाताची बोटं त्या बटणापर्यंत गेलीही. पण त्या बाईला अजून ठाऊक नव्हतं की त्याला शाळेचं नाव कुठून मिळालं. तिला वाटत असेल, शिपायाने सांगितलं. वर्गमैत्रिणीने सांगितलं. ती भलत्याच माणसावरचा विश्वास काढून घेईल आणि खऱ्या भोकाकडे तिचं लक्षही जाणार नाही. शिवाय त्याला आणखी काय काय कळलंय हे तिला कळायला हवं. आत्याने लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात ‘अनवधानाने’ आलं. ते तिने खोडलं. दुसऱ्यात ‘वयोमानामुळे’ आलं. तिसऱ्यात दादाच्या आठवणीने मन हळवं झालं असताना वगैरे आलं. तिला कळत होतं, हे टचिंग चाललंय. इथे ठिपका, तिथे ठिपका, आणि चेहरा कसा स्वच्छ. दुपार होऊन गेली तेव्हा शेवटी असं पत्र उरलं:

‘तुमचा मोठा फोटो त्याला मी पाठवला. शाळेचं नावही मीच कळवलं. तो मावसभाऊ म्हणून लिहीत होता. त्याने माझं कौतुक केलं म्हणून मी शहानिशा केली नाही. तुमच्या मैत्रिणीने सांगायला नको म्हटलं होतं, मी तिला गोड बोलून फसवलं, तिचा दोष नाही. त्याचं पत्र सोबत जोडते, तुमच्या वकिलांना उपयोगी पडलं तर पाहा. तुम्ही काढा म्हटलं तेव्हा मी दहा दिवस काढलं नाही. आता काढलं आहे, पण दुसऱ्या एका ठिकाणी अजून आहे, तिथून काढायचा प्रयत्न चालू आहे. तुम्ही आणि मुलगी सुखरूप आहात एवढं कळवू शकलात तर कळवा. नाही कळवलंत तरी चालेल.’

पाठवलं. लगेच, धीर संपायच्या आत, तिने भाचीला कचेरीत फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढत होतं, छपाईचं यंत्र चाललं होतं.

‘शाळेचं नाव तू दिलंस?’

‘हो.’

‘आणि काल मी विचारलं तेव्हा भांडी घासत बसलीस.’

‘हो.’

‘आत्या, ती बाई मेली असती तर?’

‘सध्याचा रकाना सगळाच काढून टाक,’ आत्या म्हणाली. ‘पत्ते, तारखा, माझ्या गमतीजमती, सगळं. नुसते फोटो ठेव. आणि ज्यांचे आहेत त्यांना विचारून ठेव. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचेही काढ.’ ‘मग उरणार काय?’ भाची म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला, ‘बघते’ म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात तिने रोज संध्याकाळी बसून वेबसाइट रिकामी केली. दुसऱ्या वेबसाइटने चौथ्या दिवशी फोटो काढला, एका ओळीचं, कुणाचंच नाव नसलेलं उत्तर पाठवून. बारीक चौकोनातला चेहरा मात्र आणखी दोन दिवस दिसत राहिला. आत्या तासातासाने नाव टाकून पाहायची, आहे. पुन्हा पाहायची, आहे. आपणच घडवलेली ती न तुटलेली भुवई तिच्याकडे पाहत होती. वर्गमैत्रिणीलाही तिने फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि ‘मला वाटलंच होतं’ म्हणाली. पुढे म्हणाली, ‘वाटलं होतं आणि तरी सांगितलं.’ जेवण जात नव्हतं. रस्त्यावरून जाताना समोरून येणाऱ्या माणसांचे चेहरे ती खाली मान घालून टाळायची. तिने आजवर कुणाच्या चेहऱ्यावरून नजर काढली नव्हती.

उत्तर आलं ते सातव्या दिवशी, वेगळ्याच पत्त्यावरून. नमस्कार नव्हता. आत्याने उभ्यानेच वाचलं.

‘त्याचं पत्र वकिलांना दिलं. खोटं नाव, खोटं नातं, कोर्टाचा आदेश असताना माग काढला, याचा उपयोग होईल असं ते म्हणतात. ते पाठवलंत हे बरं केलंत. आम्ही सुखरूप आहोत. पण त्या गावात नाही. नोकरी सोडावी लागली. मुलीचं दहावीचं वर्ष, ते मधेच तुटलं, तिच्या मैत्रिणींना निरोपही देता आला नाही. ती माझ्याशी धड बोलत नाही, आणि रोज सकाळी भोंगा झाला तरी दचकून उठून बसते. होईल सवय. तुम्हाला माफ केलं असं मला लिहिता येत नाही, आणि शिव्या द्यायलाही आता वेळ नाही. हे पत्र वाचून झालं की पुसून टाका. पुन्हा लिहू नका.’

सुखरूप. आत्या खुर्चीवर बसली. तिचे डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. सुखरूप आहेत. मुलगी पंधरा वर्षांची असेल. दहावीचं वर्ष. नव्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असेल, कुणी नाव विचारलं तर आधी आठवावं लागत असेल. सकाळी भोंगा होतो. कसला भोंगा? हल्ली भोंगे राहिलेत कुठे? गिरण्यांचे बंद झाले. बंदराचा असेल, पण तो रोजच्या वेळेला होत नाही. रोज सकाळी म्हणजे कारखाना, मोठा, पाळ्यांचा. असे कारखाने असून असून किती असतील, तीन, फार तर चार, आणि त्यातलं एक गाव तर त्या वर्गमैत्रिणीच्या नणंदेचं, तिथे शाळाही दोनच, तिला विचारलं तर… आत्याचा हात फोनवर होता. तो तिथे कधी गेला, तिला कळलं नव्हतं. नंबराचे पहिले चार आकडे दाबून झाले होते.

तिने हात काढून घेतला आणि मांडीखाली दाबून धरला, लहान मुलाला बसवतात तसा. कुणी मधाळ बोलायला आलं नव्हतं, कुणी कौतुक केलं नव्हतं. ‘लिहू नका’ वाचून अजून एक मिनिट झालं नव्हतं, आणि ती त्या दोघींच्या मागावर निघालीसुद्धा होती. प्रेमाने. काळजीने. बऱ्या आहेत ना एवढंच पाहायला. तो माणूसही याहून वेगळं काय करत होता, तो तर शिपायाला विचारत हिंडत होता. ही खुर्चीत बसल्या बसल्या गावापर्यंत पोचली होती.

पत्र तिने पुसलं. मग पुसलेली पत्रं जिथे जाऊन पडतात तिथून पुसलं. फोनवरचे चार आकडे खोडले, आणि भाचीचा नंबर लावला.

‘काय गं? आलं का काही?’

‘आलं. सुखरूप आहेत दोघी.’

‘हुश्श.’ भाचीचा जीव भांड्यात पडल्याचं इकडे ऐकू आलं. ‘कुठे आहेत? काही लिहिलंय?’

‘नाही,’ आत्या म्हणाली. मग म्हणाली, ‘तू एक कर. पत्रांचा पासवर्ड बदल. वेबसाइटचा, संगणकाचा, सगळा. आणि माझी फोनची डायरी आज येऊन घेऊन जा.’

‘बदलते. लिहून ठेव, नवा सांगते तुला.’

‘मला सांगू नकोस.’

‘अगं, मग तू उघडणार कशी?’

‘तेच म्हणतेय,’ आत्या म्हणाली. ‘मला सांगू नकोस. मी कितीही गोड बोलून विचारलं तरी.’